सात नंबरच्या जीपची गळती

लढाई संपल्यावर आमची वर्कशॉप तुकडी ब्रह्मदेशच्या हद्दीवरून परत आली. मोठा भाग अकोल्याला राहिला आणि बारा माणसांचं एक डिटॅचमेंट अमरावतीला, शहराबाहेरच्या छावणीत पाठवलं गेलं. मी त्या डिटॅचमेंटचा मेकॅनिक, नाईक गोविंद अंबाडकर. अकोल्याच्या माळी घरातला. घरचे बाजारात फुलं आणि भाजी विकतात, मी एकटाच लोखंडाकडे गेलो.

काम नेमून दिलेलं होतं. दहा गाड्या. पाच वाजता उठायचं, साडेपाचला गाड्या सुरू करून पाहायच्या, आठपर्यंत दुरुस्तीची यादी साहेबांच्या टेबलावर. दर सोमवारी चिखलदऱ्याला शिधा आणि डाक पोचवायची. तिथं आजारातून उठलेल्या जवानांचा विश्रांती कॅम्प होता. घाट चढायचा म्हणून त्या कामाला तीन नंबरचा ट्रक ठरलेला होता. सात नंबर म्हणजे चारही चाकांना जोर जाणारी जुनी अमेरिकन जीप. तिनं इंफाळपर्यंतचा चिखल पाहिला होता. तिला आम्ही गावातल्या गावातच फिरवत असू.

सात नंबरचा ड्रायव्हर शिपाई वासुदेव गावंडे. दर्यापूर तालुक्यातल्या टाकळीचा, काळ्या रानाच्या शेतकरी घरातला. बाकीचे ड्रायव्हर लॉगबुकात 'पाणी ठीक, तेल ठीक' असं शनिवारी बसून सगळ्या आठवड्याचं एकदम लिहून टाकत. हा रोज लिहायचा आणि पाहून लिहायचा. सुभेदारसाहेब एकदा म्हणाले, "गावंडे, तू गाडी चलाता है या गाडी की दाई है?" तो म्हणाला, "साब, दोनो."

त्यानंच मला गळतीचं सांगितलं.

"उस्ताद, सात नंबर पानी पिऊन राहिली."

"किती?"

"अमरावती ते बडनेरा अन् वापस. एक मग कमी होते. अन् खाली थेंब नाही."

थेंब नाही, हेच कठीण. खाली थेंब पडला तर त्याचा माग काढत वर जाता येतं. मी रबरी नळ्या पाहिल्या, क्लॅम्प आवळले, पंपाच्या खालचं भोक पाहिलं. कोरडं. रेडिएटर काढून पाण्याच्या टाकीत बुडवला, हवा भरली. एक बुडबुडा नाही. इंजिनच्या डोक्याखालचं गॅस्केट गेलं असेल म्हणून तेल पाहिलं, तर तेलात पाणी नव्हतं. दोन दिवस गेले. गावंडे पाय हलवत मडगार्डवर बसून असायचा.

"उस्ताद, वाफ होऊन जात असंन."

"वाफ कुठून तरी जायला पाहिजे ना?"

"मंग पाहा. मी काय म्हनतो, कुठून तरी जात असंन, तं दाखवायले लावा तिले."

दाखवायला कसं लावायचं ते मला तिसऱ्या दिवशी सुचलं. आमच्या घरी हळदीत चुन्याची निवळी घालून कुंकू करताना मी लहानपणापासून पाहिलं होतं. चुन्याचं पाणी लागलं की हळद लाल होते. मी रात्रभर चुना भिजत ठेवला, सकाळी वरची निवळी रेडिएटरमध्ये ओतली आणि थंड इंजिनवर सगळीकडून कोरडी हळद भुरभुरली. पातेलंभर हळद लंगरातून आणली होती, स्वयंपाकी पाठोपाठ शिव्या देत आला.

गावंडे जीपभोवती एक फेरी मारून म्हणाला, "उस्ताद, हळद तं लावली. नवरदेव कोनता पाहिला?"

"तूच की. रोज तूच तिच्याजवळ झोपतोस."

"ना बा. म्हातारी हाये. तीन लढाया पाह्यल्या तिनं. सासूच शोभते."

इंजिन सुरू केलं. दोनच मिनिटं, तापायच्या आत बंद करायचं होतं. मग दाढीचा आरसा हातात घेऊन मी बाजूनं खाली वाकलो. धुराड्याकडे जाणारी जाड लोखंडी नळी असते, तिच्या मागं, जिथं सरळ नजर पोचत नाही, तिथं ब्लॉकवर लाल रेघ उमटली होती. बोटाच्या पेराएवढी. इंजिनच्या अंगालाच चीर होती. ती जागा इतकी तापते की बाहेर आलेलं पाणी थेंब व्हायच्या आधीच उडून जायचं.

इतका आनंद मला पदक मिळालं असतं तरी झाला नसता. मी गावंडेला आरसा दिला. तो बराच वेळ पाहत राहिला.

"सापडली," एवढंच म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. हळदीचा पंजा शर्टवर उमटला. ही गुरुवारची गोष्ट.

आमचे कॅप्टनसाहेब पुण्याकडचे. नाव लिहीत नाही. त्यांची अब्रू राखायची म्हणून नव्हे. नाव लिहिलं की सगळं त्यांच्यावर ढकलून मी मोकळा होईन, म्हणून. त्याच दिवशी अकरा वाजता मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"सात नंबर?"

"ब्लॉकला चीर आहे, साहेब. अनफिट लिहावं लागेल."

"नवा ब्लॉक?"

"अकोल्याहून मागवावा लागेल. दोन महिने."

"शनिवारी कर्नलसाहेब तपासणीला येतात. दहाच्या दहा गाड्या फिट आहेत असं मी कळवून बसलोय."

"चीर आहे, साहेब."

त्यांनी टाक खाली ठेवला. "अंबाडकर, गळती दिसता कामा नये. कशी, ते मला सांगू नकोस."

हे वाक्य मी इतकी वर्षं पाठ धरून ठेवलं आहे. हुकूम असाही देता येतो, हे मला तेव्हा कळलं. ज्याचं पाप त्याच्या हाताला काहीच लागत नाही, आणि ज्याच्या हाताला लागतं त्याला 'हुकूम होता' असंही म्हणता येत नाही. शिस्त, शिस्त म्हणून लोक फौजेचं कौतुक करतात. वाचनालयाच्या व्याख्यानाला मला बोलावतात, तेव्हाही हेच ऐकायचं असतं. मी सांगतो ती शिस्त ही.

आता माझा भाग. घरी रांजणाला चीर गेली की आई कच्चं जवस कुटून, ओलं करून आतून लावायची. जवस पाण्यात फुगतं, बुळबुळीत होतं, चिरेत जाऊन बसतं. शुक्रवारी संध्याकाळी मी पाव शेर जवस कुटलं आणि सात नंबरच्या रेडिएटरमध्ये टाकलं. एक मूठ पुरली असती. तपासणीत थोडीही वाफ दिसू नये म्हणून मी सगळं टाकलं. जास्त झालेलं जवस रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतं आणि पाणी फिरणं बंद होतं, हे मला माहीत होतं. कोणाही मेकॅनिकला कळेल. मनात होतं, तपासणी झाली की रविवारी सगळं धुऊन काढू. तोवर गाडी छावणीतच उभी.

गावंडेला मी सांगितलं नाही. का नाही, तर त्यानं कर्नलसाहेबांच्या तोंडावर सांगितलं असतं. तो तसाच होता. त्यानं विचारलं तेव्हा मी वाघाला चुकवावं तसा त्याला चुकवत होतो. शनिवारी गेटवर त्यानं गाठलंच.

"बंद झाली काय?"

"झाली."

"कशी केली जी?"

"केली. तुला काय करायचंय?"

"मले नाही तं कोनाले? चालवतो मी."

"पाणी पाहत जा म्हणजे झालं."

तो हसला. "ते तं मी झोपेतबी पाहातो."

तपासणी झाली. दहा गाड्या फिट. कर्नलसाहेबांनी कॅप्टनसाहेबांशी हात मिळवला. दुपारी तीनला मला बोलावणं आलं. शाबासकी म्हणून अठ्ठेचाळीस तासांचा पास. सही केलेला, तयार. मी तो घेतला. सात नंबर धुवायची आहे, हे शब्द माझ्या तोंडाशी होते. ते बोलायचे तर जवसाचं बोलावं लागलं असतं. संध्याकाळच्या मोटारीनं मी अकोल्याला घरी गेलो. रविवारी भावाबरोबर शेवंतीच्या टोपल्या भरल्या, दुपारी पोटभर झोपलो.

सोमवारी पहाटे कॅप्टनसाहेबांनी तीन नंबरचा ट्रक दुसऱ्या कामावर अकोल्याकडे पाठवला. चिखलदऱ्याचा शिधा जीपमध्ये भरायला सांगितलं. कोणती जीप? फिट असलेली. सगळ्याच फिट होत्या. जवळ सात नंबर उभी होती.

पुढचं सगळं मला शिपाई रहीम खाननं सांगितलं. शिधा उतरवायला तो गावंडेबरोबर होता. पाणी पाहून सहा वाजून दहा मिनिटांनी ते निघाले. परतवाड्याला थांबून पाणी पाहिलं. धामणगाव गढीला, घाट लागायच्या आधी, पुन्हा पाहिलं; टोपण काढून, बोट घालून. पाणी गळ्यापर्यंत होतं. खान म्हणाला, "मैंने कहा, अभी तो देखा था. बोला, घाट की माँ को मालूम नहीं तूने कब देखा था."

चौथ्या वळणाच्या पुढं काटा लालमध्ये गेला. गावंडेनं तिथंच गाडी घेतली बाजूला. चाकांखाली दगड लावले. बोनेट उघडून रेडिएटरवर ओलं पोतं टाकलं आणि खानला घड्याळ पाहायला सांगितलं. वीस मिनिटं. आम्ही शिकवलेलं तंतोतंत तसंच.

टोपणाला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेपर्यंत फिरवलं की कोंडलेली वाफ बाजूच्या बारीक नळीतून शिट्टी वाजवत निघून जाते. शिट्टी थांबली की मग टोपण काढायचं. गावंडेनं चेहरा बाजूला धरून पहिली खाच फिरवली. शिट्टी आली नाही. शिट्टी नाही म्हणजे वाफ नाही, असा त्याचा अर्थ होतो. वीस मिनिटांनंतर कोणीही हाच अर्थ काढला असता, मीही. वाफ होती. बारीक नळी उकळीबरोबर वर आलेल्या जवसाच्या चिकट गाळानं बुजली होती.

त्यानं टोपण काढलं.

उकळतं पाणी अंगावर आलं तर ते खाली ओघळतं. हे ओघळलं नाही. खळीसारखं चेहऱ्याला, गळ्याला, छातीला चिकटून बसलं आणि जळत राहिलं.

मी पासावरून साडेदहाला परत आलो होतो. अकरा चाळीसला परतवाड्याच्या पोलीस ठाण्यातून फोन आला. मीच उचलला.

"आर्मी कॅम्प?"

"बोला."

"तुमची जीप घाटात बंद पडली. ड्रायव्हर भाजला. जंगल खात्याच्या गाडीनं अमरावतीला पाठवला."

"जिवंत आहे?"

"निघाला तेव्हा होता."

मी रिसीव्हर ठेवला आणि कॅप्टनसाहेबांना रिपोर्ट दिला. ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "तीन नंबर अकोल्याहून आला की तो घेऊन घाटात जा आणि जीप ओढून आण. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसेल, चौकशी होईल. तू काय केलं होतंस ते मला माहीत नाही. रेडिएटर धुऊन आण."

मी गेलो. घाटात जीप उभी होती, चाकांखालचे दगड नीट, पाचर मारल्यासारखे बसवलेले. रेडिएटरमध्ये निम्म्याहून जास्त गाळ होता. जीप खाली ओढून धामणगाव गढीच्या विहिरीवर मी तो खरवडून काढला. सहा बादल्या पाणी. शेवटची बादली स्वच्छ निघाली तेव्हा मी हात धुतले. मग जीप कोरडी ओढत आणली.

गावंडे इस्पितळात चार दिवस होता. पट्ट्यांतून तोंड तेवढं उघडं. पट्टी बदलणारा मला म्हणाला, "हे काय चिकटलं होतं हो? कांजीसारखं. सोलून काढावं लागलं." मी म्हणालो, "ग्रीस असेल."

बुधवारी गावंडेनं माझा आवाज ओळखला.

"उस्ताद?"

"हो."

"पानी भरेल होतं."

"बोलू नकोस."

"मंग कावून तापली? पाहा बरं तुमी. माह्यापासून काही राहून गेलं काय?"

मी म्हणालो, "पाहतो."

त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं. एका वाक्याचं होतं. मरणाऱ्या माणसानं विचारलेली एवढी साधी गोष्ट मी त्याला दिली नाही. गुरुवारी दुपारी चार वीसला तो गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत तीन अधिकारी होते. खाननं सांगितलं, पाणी भरलेलं होतं, मी पाहिलं. मग त्यांनी जीप पाहिली. रेडिएटर रिकामा, कोरडा, आतून स्वच्छ. मला विचारलं, "गाडी आणलीस तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी होतं?" मी म्हणालो, "नव्हतं, साहेब." निकाल आला: ड्रायव्हरने पाणी न पाहता घाट चढवला आणि गाडी तापल्यावर घाईने टोपण उघडले, अपघात त्याच्या हलगर्जीपणाने.

रिकाम्या रेडिएटरनं माणूस भाजतो कसा? हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. की पडला आणि गिळला? तीन शिकलेली माणसं, खांद्यावर पितळ, समोर मेलेल्या शिपायाचा कागद, आणि दोन ओळी एकमेकींना खोट्या पाडतायत हे दिसू नये? पण मला तर उत्तरच ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही म्हणून माझा संताप होतो, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणूनच मी सुटलो. हा संताप फार सोवळा नाही, हे मला कळतं.

त्याचे वडील, तुळशीराम गावंडे, आले होते. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी नाही. मला म्हणाले, "तुमीच काय ते उस्ताद? तो सांगे तुमचं. आमच्या पोरानं हयगय केली काय जी?"

"कोर्टानं लिहिलंय तसंच आहे, बुवा."

ते मान हलवून गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. पुढं मी हवालदार झालो आणि नव्या ड्रायव्हरांना शिकवायला अकोल्याला माझी नेमणूक झाली. शिकवायच्या कागदांत 'गावंडे केस' होती. वरून आलेली, छापील. रेडिएटरच्या धड्याला ती सांगायचीच. मी सांगितली. सहा तुकड्यांना सांगितली. पुढं पुढं मी ती रंगवून सांगायला लागलो. पोरं हसत आणि नीट लक्षात ठेवत. आमच्यात कोणी लॉगबुक विसरला की दुसरा म्हणे, "काय रे, गावंडे झाला काय?" ज्यानं एक दिवस न चुकता पाणी पाहिलं, त्याचं नाव मी पाणी न पाहणाऱ्याचं नाव करून टाकलं. कॅप्टनसाहेबांनी हे सांगितलं नव्हतं. हे माझं.

नोकरी सोडली. आता बेचाळिशी उलटली. मागच्या महिन्यात दर्यापूरकडे एका लग्नाला निघालो होतो. सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर खाली उतरून माझ्या पाया पडला. माझ्या चौथ्या तुकडीतला.

"उस्ताद, आजबी पानी पाह्यल्याशिवाय गाडी नाही काढत. गावंडे नाही व्हायचं आपल्याले." मग मला शेजारी बसवून, गाडी सुरू करत म्हणाला, "त्याच्या बापाच्या गावावरूनच जातो मी रोज. म्हातारा माह्या गाडीत बसत नाही. पायी जाते दर्यापूरले."

"का?"

"कोन जाने. एक डाव माह्या तोंडून निंगालं असंन."

टाकळीच्या फाट्यावर मी गाडी थांबवायला लावली.

तुळशीरामबुवा अंगणात दोर वळत बसले होते. एक टोक खुंट्याला, एक हातात. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चीर, जवस, पास, धामणगाव गढीची विहीर. ते दोर वळत राहिले. माझं संपलं तेव्हा त्यांनी वळलेला भाग मुठीत घट्ट धरला, नाही तर पीळ सुटला असता.

"त्याची माय गेली मागच्या सालात," ते म्हणाले.

"बुवा, मी तुमचा..."

"ते राहू द्या. मले कावून सांगता? मले ठाऊकच होतं. मी काय माह्या पोराले वळखत नाही? बैलाले पानी दाखवल्याशिवाय जेवत नव्हता थो." दोराला पुन्हा पीळ देत म्हणाले, "ज्याइले शिकवलं त्याइले सांगा. तुमचं नाव घालून सांगा."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. ते बरोबर होतं.

म्हणून हे लिहिलं आहे. माझ्या सहाही तुकड्यांतले जे कोणी आज मोटारी, ट्रक, ट्रॅक्टर चालवत असतील, त्यांच्यासाठी. वर्गात मी सांगितलेली केस खोटी होती. खरी अशी:

शिपाई ड्रायव्हर वासुदेव तुळशीराम गावंडे, राहणार टाकळी, तालुका दर्यापूर. त्यानं निघताना पाणी पाहिलं, परतवाड्याला पाहिलं, घाटाखाली पाहिलं. काटा चढताच गाडी थांबवली, दगड लावले, वीस मिनिटं थांबला, टोपण पहिल्या खाचेवर आणून शिट्टीची वाट पाहिली. शिट्टी मी बुजवली होती. माझं नाव गोविंद अंबाडकर. गाडी त्याच्यासारखी चालवा.